डोळा भरणे

वरुडच्या पुढे, चुडामणीच्या काठाला
संत्र्याचं कलम करण्याला
डोळा भरणे म्हणतात.
आधीच सांगून टाकतो, कारण मी एकडोळ्या
आणि लोक हसतात.

डावा डोळा जंबेरीच्या काट्यानं नेला.
काट्याचा दोष नाही.
सकाळी नऊलाच पिऊन होतो,
खुंटांच्या ओळीत तोंडावर पडलो.

त्याआधी नर्सरी होती, पाटी होती:
शांतवन खंडारे, खात्रीची कलमं.
त्या खात्रीतली दोन हजार रोपं
एका हिवाळ्यात न बघता विकली.
डोळे मेलेले होते. खालून खुंटच फुटला होता,
हिरवागार, जोमदार, खोटा.
पाच वर्षांनी लोकांच्या बागा धरल्या
आणि फळ निघालं आंबट.
पाच वर्षं पाणी पाजलेलं आंबट.

पाटी त्यांनी उतरवली नाही.
शेण मारलं आणि राहू दिली.

सुवार्ता पोरीला घेऊन धारणीला गेली, भावाकडे.
फाटकातून इतकंच म्हणाली,
"तुमच्यासाठी माह्ये गुडघे काये पडले.
आता तुमचे तुमी टेका."
मी टेकले नाहीत. दीड वर्ष.

मग मोझेस पाळक आले. सोळा माणसांचं टिनाचं देऊळ त्यांचं,
आठवडाभर मोटारपंप दुरुस्त करतात,
हाताला ग्रीस, तोच हात आशीर्वादाला.
उपदेश काही केला नाही.
"मागच्या आवारात चाळीस खुंट आहेत, भरून द्या."
म्हटलं, एका डोळ्यानं चीर सरळ येत नाही.
"मले तं दोन डोये असून येत नाही," म्हणाले,
आणि चाकू माझ्या हातात ठेवला.

साल उचलायची, नखभर.
आत डोळा सरकवायचा, पट्टी बांधायची,
त्याचं तोंड तेवढं उघडं ठेवायचं.
तीन आठवड्यांनी देठाला बोट लावायचं.
अलगद गळून पडला, तर डोळा लागला.
सुकून चिकटून राहिला, तर मेला.
तीस वर्षं हे मला ठाऊक होतं.
बोट माझ्याच देठाला कुणी लावलं
ते त्या रविवारी कळलं,
उंबरावर चढलेल्या त्या बुटक्या वसुलीवाल्याची गोष्ट चालली असताना.
घेतलेलं चौपट देईन म्हणाला होता तो.
माझ्याजवळ एकपटही नव्हतं.
चाकू होता.

पहिली बाग पंचफुलाबाई डबलेंची.
डोळकाडी ओल्या गोणपाटात गुंडाळून
दुपारपर्यंत धुऱ्यावर उभा.
बाई आल्या, पाणी दिलं,
माझं पिऊन होईपर्यंत थांबल्या
आणि म्हणाल्या, "मले काय मांगतं? झाडाले माफी मांग."

मी हसणार होतो.
मग झाडासमोर वाकलो,
तर गुडघे आपसूक टेकले,
काळ्या मातीत, सुवार्तेच्या गुडघ्यांसारखे.
देवाला माफी मागणं सोपं गेलं होतं, तो बोलून दाखवत नाही.
झाडाला तर आंबट फळं लटकलेली होती.

उन्हाळ्यात त्यांची खोडं छाटली.
फुटवे आले. हिवाळ्यात डोळे भरले.
त्रेपन्न लागले, नऊ मेले, ते पुन्हा भरीन.
दोघांनी कुत्री सोडली. एकानं बाग उपटून
तूर पेरली होती, त्याच्या बांधावर नुसता उभा राहून आलो.
पाळकांना विचारलं, हे कधी फिटेल?
ते पंपाचं वायसर शोधत होते.
"फेडायले नाही पाठवलं तुमाले," म्हणाले, "पान्हा द्या इकडे."
अजून नीट समजलेलं नाही.

सुवार्ता आलेली नाही.
परवा एस्तेरचा फोन आला.
किती झाडं झाली, तिनं विचारलं.
एकशे सदतीस.
किती राहिली?
पूर्वी असतो तर दोनशे म्हणालो असतो.
खरा आकडा सांगितला.
ती बराच वेळ गप्प. मागे कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या.
"मंग लवकर झोपा, बाबा.
पहाटे जा लागते न."

कंदील बारीक केला. चाकू पुसून उशाशी ठेवला.
आणि त्या रात्री, कितीतरी वर्षांनी, न पिता
माझा डोळा लागला.