चेक-इन, अक्कलकोट रोड

साडेसात वाजले. इन्व्हर्टर कुरकुरतोय,
पंखा त्याच्या मर्जीवर.
नऊ दिवस झाले, सात फाइली माझ्याकडे अडकल्यात.
यादीत माझ्या नावापुढे कुलूप दिसतं
आणि अंबादास येमुल रोज चहाला विचारतो,
"काय मॅडम, सोडताय का आज?"
जणू चार दिवसांनी पाणी आलंय
आणि मी नळाखालची घागर हलवतच नाहीये.

काम एवढंसं होतं.
टॉवेलच्या काठावरचा मोर
दर बाराव्या फेरीला दोन धागे डावीकडे सरकायचा.
गिऱ्हाइकाला कळायचं नाही. कारखानदाराला कळायचं.
"मोर लंगडतोय हो तुमचा," तो फोनवर म्हणाला,
मागे माग इतके खडखडत होते
की मला आधी ऐकू आलं, चोर.

मी शोधत गेले, या फाइलीतून त्या फाइलीत.
सापडलं ते हे: मोजायला सुरुवात शून्यापासून की एकापासून.
एक आकडा.
पण घरात झाडू हाती आला की कोपरेही निघतात.
मी नावं बदलली, जुन्या ओळी पुसल्या,
कुणीतरी लिहून ठेवलं होतं
"हे का चालतं माहीत नाही, हात लावू नये"
तेही पुसलं.

आता रिकामी चौकट. काय बदललंत, लिहा.
मी लिहिलं, किरकोळ दुरुस्ती.

नान्ना पूर्व भागात एका शेडमध्ये
जकार्डचे पत्ते ठोकायचे.
भोकं पाडलेले पुठ्ठे, दोरीत ओवलेले, लांबच लांब माळ.
खिळ्याला वही टांगलेली: कुणी नेली, कधी, परत कधी.
विणकर माळ घेऊन आला
की ते ती हातावरून सरकवत, बोटांनी भोकं चाचपत,
वर न बघता विचारायचे,
"एम मार्चिनव?"
काय बदललंस?
काही नाही म्हणणाऱ्याची माळ ते घ्यायचे नाहीत.
तो उंबऱ्यातच उभा, खांद्यावर माळ, घामेघूम,
शेवटी पुटपुटायचा, एक पत्ता फाटला होता, नवा ओवलाय.
मग वहीत तेवढंच. एक पत्ता. नवा.

मी जुन्या नोंदी उघडल्या.
ती हात लावू नये वाली ओळ कुणाची, बघावं तरी.
दोन हजार अकरा, एप्रिल.
अनसूया बोल्ली.
लग्नाआधीची मी.
त्या दिवशी ऑफिसात बहुतेक कूलरही नव्हता,
आणि घरी कुणी बघायला येणार होतं.
वर्णनाच्या चौकटीत तिनं लिहिलं होतं:
किरकोळ दुरुस्ती.

म्हणजे मोर तेव्हापासून लंगडतोय.
किती अंग पुसली असतील लोकांनी त्या मोराने,
किती न्हाणीघरांत तो वाळत पडला असेल, दोन धागे डावीकडे.

वीज आली. पंखा एकदम भानावर.
मी चार फाइली होत्या तशा केल्या,
झाडझूड नंतर, वेगळी, वेगळ्या नोंदीने.
तीन राहिल्या. त्यांच्या चौकटीत लिहिलं:
काठाच्या मोजणीत सुरुवातीचा आकडा चुकला होता.
चूक माझी, जुनी.
शून्याऐवजी एक केलाय.
बारा आणि चोवीस फेऱ्यांवर तपासलं, छत्तीसवर नाही.
हे आधी का चालायचं ते आता माहीत आहे:
चालत नव्हतं.

बटण दाबलं. हिरवी पट्टी सावकाश भरली.
कुलूप गेलं.
मी पाण्याची बाटली डब्याच्या पिशवीत टाकली,
चपला शोधल्या,
निघताना सवयीने एकदा यादी बघितली.

अंबादास येमुल. कुलूप.
तिन्ही फाइली.
घरून, जेवण सोडून बसला असणार.
फोनवर त्याचा निरोपही आला होता:
"एवढं लांब लिहिलंय, पत्र आहे का हो?
छत्तीसचं मी बघतो."