चार मार्कांचं खमीर

माझ्या मेसमध्ये दालचिनी म्हणजे मटन.
रविवारचा रस्सा, अडतीस डबे,
लवंग, दगडफूल, काळं होईस्तोवर भाजलेलं खोबरं
आणि ही साल, बोटभर, मोजून.
गोडात कोण घालतं हिला?

पण मोनल आडेनं फोन पुढं केला,
"काकू, पेपर झाला की मला हे खायचंय."
वेटोळं घालून बसलेला पाव,
अंगावरून साखर ओघळलेली.
मी म्हटलं, ही तर आपली गंजगोलाई,
मध्ये देवी तेवढी नाही.

पहिल्यांदा दूध कढत घेतलं आणि खमीर मेलं.
तासभर बसले पातेल्यापाशी,
झाकण उचलायचं, ठेवायचं.
दुसऱ्या दिवशी त्याच मैद्याच्या पुऱ्या लाटल्या.
कुणी काही बोललं नाही.
मेसमध्ये कुणी बोलत नाही,
पैसे आगाऊ भरलेले असतात.

पेपर झाला रविवारी.
सोमवारी मोनल खाली आली ती डोळे सुजवून.
कसा गेला, हे मी विचारत नाही,
वीस वर्षांत एकीलाही विचारलं नाही.
म्हटलं, बाही वर कर, मैदा चाळ.

फोनमधली बाई सांगत होती, उबदार जागा शोधा.
लातुरात, मे महिन्यात!
आम्ही थंड जागा शोधली,
रांजणाच्या बुडाशी, ओल्या वाळूवर.
तरी अर्ध्या तासात पातेल्यातून डोकं काढलं त्यानं.
मोनल वाकली. नाक जवळ नेलं.
आंबूस, थोडा शिंदीसारखा वास.
"सॅकरोमायसिस," ती म्हणाली,
"एकपेशीय. कळ्या फुटून वाढतं.
एक प्रश्न येतो कधीकधी, चार मार्कांचा."
मग बराच वेळ काही नाही.
"दोन वर्षं पाठ करायलेय काकू,
वास आज आला."

पोळपाटावर मावेना म्हणून
ओटा धुऊन त्यावरच लाटलं.
तूप, गूळ किसून, दालचिनी कुटून.
माझ्या हिशेबानं चिमूटभर बास होती,
तिनं अख्खी बरणी उपडी केली.
गुंडाळी तिनं केली, दोऱ्यानं कापली मी.
ओव्हन भाचीच्या लग्नात दोन आले होते,
त्यातला एक माझ्याकडे,
तीन वर्षं त्यात मी पापड ठेवत होते.

बाराव्या मिनिटाला लाईट गेली.
पोरी म्हणाल्या, आता?
आता काय. दार उघडायचं नाही.
वरून गोधडी टाकली ओव्हनवर,
बाळंतिणीला गुंडाळावं तशी,
आणि बसलो सगळ्या अंधारात,
घामानं निथळत, वास घेत.
अंबाजोगाईची मसरत म्हणाली,
"ईदेला खालांकडं असाच वास येतो,
फक्त त्यात दालचिनी नसते."
मग असाच कसा, म्हणून सगळ्या हसल्या.
मोनलसुद्धा.

लाईट आली. एका कोपऱ्यात जळले,
मधले दोन कच्चे राहिले, बाकी झकास.
पाच वाजता तिचे वडील आले,
खांद्यावर रिकामी पेटी, ती न्यायला.
दारातच थांबले. "आज मटन हाय काय?"
मी ताटलीत एक वेटोळं ठेवलं.
त्यांनी ते बाहेरून सोडवत सोडवत खाल्लं,
दोर उलगडावा तसं,
शेवटी मधला मऊ गाभा उरला,
तो न बघता पोरीच्या हातावर ठेवला.
मार्कांचं त्यांनीही विचारलं नाही.

चार बांधून दिले वाटेला.
हाताला आलेला पेपर घेतला,
त्यावर क्लासची पानभर जाहिरात,
गेल्या सालचे पहिले दहा, टाय घालून.
तूप झिरपत गेलं.
बस स्टँडला पोचेस्तोवर
तिसऱ्या नंबरच्या पोराच्या कपाळातून
पलीकडची सोयाबीनची बातमी दिसायला लागली.

पुढच्या रविवारी डबे परत आले,
निम्म्यांत रस्सा तसाच.
मागच्या खोलीतला पोरगा जिन्यातून ओरडला,
"काकू, आज रश्शाला चवच नाही!"
दालचिनी नव्हती.
"कुठं गेली?"
किनवटला.