ताटांची वही

जेल रोडच्या आमच्या चर्चला मनोरा नाही, पत्रा आहे,
आणि पत्र्याखाली, लोखंडी कपाटात, चौसष्ट ताटं.
ती माझ्या ताब्यात. वहीही माझीच.
प्रत्येक ताटाच्या काठावर मशीनने कोरलेलं नाव :
ख्रिस्तवासी मनोहर केरू उजागरे यांच्या स्मरणार्थ,
ख्रिस्तवासी एलीशाबाबा,
एकावर नुसतंच, बाळ.
कुणी गेलं की घरचे एक ताट देतात.
मंडळी कमी होते तसतशी
ताटं वाढत जातात.

हंगामाच्या सणाला ती सगळी बाहेर निघतात.
जानेवारी. दाराशी बसलेल्यांच्या
गाण्यातून वाफ येते आहे.
वेदीपुढे ओझरची द्राक्षं, कांद्याची गोणी, दोन कोबी,
आणि पाय बांधलेला एक कोंबडा,
जो नेमका आमेनच्या आधी आरवला.
पाळकसाहेब थांबले. कुणी हसलं नाही.
ती जुनी रात्र प्रत्येकाला आपापल्या जागी आठवली.

मग पंगत. मटणाचा रस्सा, भात, भाकरीचे तुकडे.
पहिला घास, आणि कुणीच काही बोलेना.
हन्नामावशीला वाटलं सुनंदाने टाकलं,
सुनंदाला वाटलं मावशीने.
एवढा मोठा टोप,
एवढी देवाची लेकरं,
आणि मीठ नाही.

भिंतीपलीकडे नाथाभाऊ आढाव राहतात.
अकरा वर्षं उपासनेला आले नाहीत.
दुर्कसबाई गेल्या तेव्हा त्यांनी एक ताट दिलं होतं,
आणि वर एक पंखा.
वार्षिक सभेत, सगळ्यांदेखत,
मी पंख्याची पावती मागितली.
नियम होता. अजूनही आहे.
ते उठले, चपला शोधायला त्यांना फार वेळ लागला,
आणि तेवढा सगळा वेळ मी
वहीत बघत बसलो.
लोक म्हणतात, मिठाचा खडा पडला.
खडा कुणी टाकला ते कुणी म्हणत नाही.

हन्नामावशीने भिंतीवरून हाक मारली,
"नाथा, मीठ आहे का रे घरात?"
जशी कालच मारली होती.

ते आले. अंगात कानटोपीसकट झोपेचा स्वेटर,
हातात चिनीमातीची बरणी.
टोपाशी वाकून मूठ सोडली,
ढवळलं, चाखलं, अजून थोडं सोडलं.
मग निघाले. तर मावशी म्हणाली, "बस."
आणि माझ्याकडे बघितलं.

मी कपाटाकडे गेलो.
दुर्कसबाईंचं ताट मला न वाचताही ओळखू येतं,
काठाला एक पोचा आहे. ते नव्हतं.
समोरच्या पंक्चरवाल्याचा मुलगा
वास काढत आला होता, शेवटच्या ओळीत बसला होता,
आणि दुर्कसबाईंच्या नावावर भात कालवत होता
कोपरापर्यंत.
मी नाथाभाऊंना उजागऱ्यांचं ताट दिलं.
ते काठ वाचत नव्हते.
ते त्या पोराकडे बघत होते.
"तिला असं खाणारं आवडायचं," म्हणाले,
कुणालाच उद्देशून नाही.
मी वाढलं. पावतीबद्दल बोलायचं
मनात होतं. बोललो नाही.
"अजून रस्सा?" एवढंच विचारलं, दोनदा.

संध्याकाळी राखेने घासून, पुसून, मोजली.
त्रेसष्ट.
पुन्हा मोजली. कोणतं कमी ते कळत होतंच,
कुणी नेलं ते कळत नव्हतं :
पोराने, उरलेला भात घरच्यांसाठी,
की आणखी कुणी, स्वेटरच्या आत.
चुलीजवळ बरणी तशीच राहिली होती,
तिचं झाकण ओलं.

डोक्यावर पंखा, थंडीमुळे बंद,
पात्यांवर अकरा वर्षांची धूळ.
मी वही उघडली, तारीख घातली,
आणि लिहिलं :
ताटं, चौसष्ट. बरोबर.