बेगमी

मिरगाच्या आधी आमच्या घरी मोजणी होते.
हे मोजतात, मी लिहिते,
चेतनाच्या चौथीच्या वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर:
धान सात पोते, ढोलीत.
लाखोळीची डाळ दोन डबे.
मीठ पाच किलो. (मीठ सरलं की गाव सरलं, सासरे म्हणत.)
वांग्याच्या खुला, मोहफुलं, वाळले झिंगे.
काडेपेट्या बरणीत, झाकणाला मेण.
सौरदिवा एक, कान तुटका.
आणि सर्वांत खाली, दरवर्षी:
मांजरी तीन.

तालुक्याहून साहेब आले होते पूरगावांची तयारी पाहायला.
वही वाचून खूश झाले,
मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून हसले.
"बाई, ही तर खाणारी तोंडं."
मी म्हटलं, "साहेब, ढोलीले कुलूप नाही लागत."

त्यांना सगळं सांगत बसले नाही.
वैनगंगा भरली की पाणी नाल्यातून उलटं येतं,
पूल बुडतो, आम्ही अडकतो.
आमच्यासारखेच उंदीरही अडकतात.
बांधातली बिळं भरली की लेकरंबाळं घेऊन
उंचावर येतात, म्हणजे आमच्या ओसरीत.
आणि त्यांच्या मागावर, आवाज न करता,
दांडेकार.
भुईवर झोपलेल्या माणसाची ऊब त्याला आवडते.

टिकली थोरली. तिची लेक झिपरी.
बोक्याचं नाव तलाठी, कारण तो सुगीतच दिसतो.
लोक म्हणतात उपाशी मांजर उंदीर मारते.
खोटं आहे.
उपाशी मांजर दुसऱ्याच्या चुलीपाशी जाते.
म्हणून रोज दिवेलागणीला पेज, वर झिंग्याची डोकी,
आणि घरात विषाची पुडी कधीच नाही.
ऋषीजींनी ठेवली होती एकदा.
आधी उंदीर मेले, मग ते खाऊन त्यांची मांजर
सांदवाडीत पपईखाली आडवी,
आणि पोळ्यापर्यंत नवे उंदीर हजर.

त्या वर्षी रस्ता अकरा दिवस बंद होता.
चौथ्या रात्री मला जाग आली ती आवाजानं नाही.
टिकली जात्यासमोर बसली होती,
शेपटी पायांभोवती गुंडाळून,
पाहुणा जेवतोय आणि आपण वाढायला बसलोय, तशी.
यांनी दिवा धरला.
जात्यामागं काळ्यावर पांढरे पट्टे.
तिथून चेतनाची उशी दोन हात.
पुढचं काठीनं झालं, ते नाही लिहीत.
सकाळपर्यंत टिकली उशाशीच होती.
तिला तेव्हा कोणी हात लावला नाही,
तिनंही लावू दिला नसता.

नवव्या दिवशी झिंगे सरले.
हे म्हणाले, आता पेज आपल्यापुरतीच.
बरोबरच होतं. मी काही बोलले नाही.
पहाटे माझ्या उशाशी अर्धा उंदीर,
नीट, डोक्याकडचा भाग माझ्याकडे करून.
तिचीही कुठंतरी वही असावी,
त्यात माणसं तीन,
शिकार येत नाही, असा शेरा.
मी उठले. माझ्या ताटलीतली पेज
भुईवर ओतली.
यांनी पाहिलं आणि कूस बदलली.

पाणी उतरल्यावर डोंग्यातून साहेब आले, तेच.
नुकसान लिहून घेतलं:
कोंबड्या किती, बकऱ्या किती, भिंत किती फूट.
झिपरी सहाव्या दिवशी कवेलूंवरून गेली ती परतली नाही.
तिच्यासाठी रकाना नव्हता.
साहेबांनी कागद उलटून मागं पाहिलं,
तिथंही नव्हता.
ढोलीतलं धान मात्र सहा पोते आणि वर चार पायल्या,
यांनी दोनदा मोजलं.

यंदा पुन्हा वही काढली.
सगळं लिहून झालं, तळाशी आले,
मांजरी दोन, लिहिणार,
तर हे दारातून म्हणाले, थांब,
टिकलीचं पोट पाहिलंस का?
आणि तलाठी तर या साली
सुगीच्याही आधीपासून इथंच आहे.
पेन ठेव.
ती ओळ पेन्सिलनं लिही.