वेगळं तेल

टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं
नवं बर्गरचं दुकान झालंय.
लाल खुर्च्या, गार हवा, काचेवर सूचना:
बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत.
कन्नडमध्ये, इंग्रजीत, आणि खाली बारीक मराठीत.
तिन्हींत तेच.

माझ्या पिशवीत डबा.
डब्यात तांदूळ-नाचणीचा बन,
काल रात्री दोनदा बसलेला,
तिसऱ्यांदा जरासा उठलेला.

निधी हलगेकरचा वाढदिवस. बारा पोरी,
बारा कागदी मुकुट.
त्यातला एक माझ्या शर्वाणीच्या डोक्यावर, कानापर्यंत उतरलेला.

दीड वर्षापूर्वी तिच्या रक्ताचा रिपोर्ट आला
तेव्हापासून मी घराची झडती घेतेय.
हिंगाच्या डबीतसुद्धा गहू सापडला.
गिरणीवाल्या मुतगेकरांना म्हटलं,
आमची ज्वारी गव्हाच्या पाठीवर दळू नका.
ते म्हणाले, वहिनी, दगड ओळखतोय काय?
ओळखत नाही, तेच तर.
बहिणीच्या लग्नात पंगतभर मांडे उलगडत होते
आणि ही, हात मांडीवर ठेवून,
आपला कोरा भात गार होताना बघत होती.

काउंटरवर पोरगा. छातीवर नाव: ईरण्णा.
मी पाठ करून आणलेलं कन्नड काढलं.
गोधी बेड. मैदा बेड.
आतरी, म्हणाला, बन काढून देतो.
बन काढून काय?
पावाचा चुरा टिक्कीच्या अंगावरच असतोय.
एवढं कन्नड माझ्यापाशी नव्हतं.
मी मराठीत शिरले, तो हिंदीत,
मधेच कुठंतरी दोघंही थबकलो.
मागं रांग. कुणीतरी घसा खाकरला.

आई, सर जरा.
शर्वाणी टाचा उचलून उभी राहिली.
ब्यारे एण्णी ऐतेनु?
बटाटे तळायला वेगळं तेल आहे काय,
की चिकनचंच?
बन शेकता त्याच तव्यावर बाकीचं भाजता?
हातमोजे बदलता?
शाळेतल्या खणखणीत कन्नडमध्ये,
पण बोलण्याची ढब बाजारात वांगी निवडणाऱ्या बाईची,
प्रत्येक उत्तर देठाशी दाबून बघत.

ईरण्णा आत गेला. बराच वेळ आला नाही.
मला वाटलं, झालं, आता मॅनेजर येणार.
तोच आला. कपाळावर घाम.
तेल एकच. तवा एकच.
मग माझ्याकडं न बघता, तिला:
तिनब्याड, तंगी.
खाऊ नकोस.

दीड वर्ष मी ऐकतेय,
एका घासानं काय होतंय,
प्रसादाचा शिरा आहे, नाही म्हणू नये,
आमच्या वेळी असले आजार नव्हते.
इतकं स्वच्छ नको
आजवर कुणी हातावर ठेवलं नव्हतं.

तो परत आत गेला.
आणला एक चीजचा तुकडा, कागद न फोडलेला,
आणि एक अख्खा टोमॅटो, धुतलेला,
न चिरलेला, कारण सुरी एकच.
माझ्याजवळ सुरी होती. घरची, फडक्यात गुंडाळलेली.
कागदावरची बारीक अक्षरं शर्वाणीनंच वाचली,
ओठ हलवत, शेवटपर्यंत.

मी डबा काढला.
ईरण्णानं डब्याकडं पाहिलं, काचेवरच्या सूचनेकडं पाहिलं,
आणि पुढच्या माणसाला विचारलं,
येन बेकरी?

पहिल्याच घासाला बन मोडला.
नाचणीचा चुरा तिच्या फ्रॉकवर, टेबलावर, मुकुटात कसा गेला कुणास ठाऊक.
दोन्ही हातांनी धरून खायचं होतं, तिनं धरलं.
बाकीच्या अकरा जणी बघत होत्या.
निधीनं मैद्यानं माखलेली बोटं पुढं केली,
मला देतेस एक तुकडा?

शर्वाणीनं बन छातीशी ओढला.
देते की.
आधी हात धुऊन ये.