शिपायाचं डोकं

तेर्सेरा बेटावर, आंग्राच्या चढावरच्या घरात
देओलिंदा रोज सकाळी पलंगाखालची खसखस झाडते.
खसखस कसली, विष्ठा ती. दाणा न् दाणा सहा पैलूंचा,
पाण्याचा शेवटचा थेंबही पिळून घेतलेला.
मातीशी देणंघेणं नाही, वारूळ नाही,
वाळकं लाकूड हेच घर, तेच जेवण.
नावाला जागलेली वाळवी.

विद्यापीठातला पोरगा भिंग ठेवून म्हणाला,
"दाण्यांवरून कूळ कळतं, आजी. पुढचं नाव
शिपायाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं."

काळं डोकं, खरबरीत, समोरून तासलेलं,
भोकात बुचासारखं बसणारं.
हा शिपाई लढायला येत नाही,
बंद होतो.
मागे लेकरंच राबतात,
आणि वेळ पडली तर त्यातलंच कुणी
राणी होतं.

म्हणजे नावासाठी पलंग फोडायचा?
छिन्नी तिने हातात घेतली, वजन पाहिलं.
याच पलंगावर तीन बाळंतपणं,
फिर्मीनोचा शेवटचा खोकला.
"राहू दे रे. बिननावाची राहील."

जुलैत दिव्याखाली पंख सांडले, चार-चार,
तेव्हा मात्र उठून तिने
खिडकी घट्ट लावून घेतली.
शेजारच्या एदुइनाचं छप्पर
अजून धड आहे.