रॉड, एक नग

लळिंगचा घाट उतरून त्यांची गाडी
आमच्या लेथसमोर थांबली तेव्हा दुपारचे दोन,
पत्र्यावर एप्रिल.
पाच जण उतरले, पाचांच्या डोक्यावर रुंद काठाच्या टोप्या,
आणि मालेगावचा ड्रायव्हर अख्तर,
त्याच्या डोक्यावर ओला पंचा.
दुसऱ्या रात्री इंदूरला कार्यक्रम होता त्यांचा.

पेटी उघडली.
आत गिटार, पण छातीशी धरायची नव्हे;
इस्त्रीच्या टेबलासारखी चार पायांवर आडवी,
दहा तारा, खाली तीन पेडल,
गुडघ्यानं ढकलायचे दांडे,
आणि पोटात सळयांचं जाळं.
त्यातली एक तुटलेली.
निंबा मिस्तरी उताणे झोपून
ट्रकखाली बघावं तसे तिच्याखाली बघत राहिले.
"हाई वाद्य शे का गिअरबॉक्स?"

वाजवणारी बाई. नाव हिल्का.
फिनलंडची. तिकडे कागदाची गिरणी, ती बंद पडली,
बापानं सगळं विकलं, जुन्या तबकड्या तेवढ्या ठेवल्या.
असं अख्तर सांगत होता,
निम्मं त्यानं पदरचं घातलं असेल.
गाणी मात्र टेक्सासची, सत्तर वर्षांपूर्वीची,
रस्त्याकडेच्या गुत्त्यातली:
काउंटरवर कोपर, बाहेर ट्रक उभा, घरी बायको नाही.
हॉंकी-टॉंक म्हणतात.
"टेक्सास देखेल शे का हिनी?"
अख्तरनं विचारलं. ती हसली. नाही.
"मंग कोनी बायको गई?"
हे अख्तरनं विचारलं नाही.

मी पंक्चरवाल्या उखाकडून स्पोक आणले,
आटे आयतेच पाडलेले.
मिस्तरींनी पितळेची बुश काढली,
लेथवरून सोनेरी केस गळत होते.
तोवर ते पाच समोरच्या ढाब्यावर शेवभाजी खाऊन आले,
नाकं लाल, डोळ्यांत पाणी.
गाणं त्यानंतर.

वेल्डिंगच्या पॉइंटला छोटा अँप जोडला.
हिच्या डाव्या हातात लोखंडी कांडी, पाय पेडलवर.
मी लग्नाच्या बँडमागे चालत वाढलो;
आमचा बँजो सरळ पळतो, वरातीपुढे,
मागे बघत नाही.
हा सूर मात्र उभा राहिला,
मग पायाखाली काहीतरी दाबलं गेलं
आणि तो वाकला.
तुटला नाही.

मिस्तरी मान तिरकी करून ऐकत होते,
बेअरिंग ऐकतात तसे.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"ट्रक पुढे निंघी गया का हॉर्न असाच वाकस."
अख्तरनं सांगितलं. तिला कळेना.
पुन्हा सांगितलं, हातवारे करून.
मग ती उठली, टोपी हातात घेऊन
रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

एक ट्रक गेला, कांद्याचा.
दुसरा.
तिसऱ्याला तिनं स्वतःच हात केला, हॉर्न वाजव म्हणून.
ड्रायव्हर चक्रावला असणार,
पण लांबवर वाजवत गेला, उगाच, मोकळ्या रस्त्यावर.
ती परत आली, बसली,
कांडी तारेवर ठेवली
आणि तो ट्रक आमच्या पत्र्याखालून
दुसऱ्यांदा गेला.

मिस्तरींनी मला चहा सांगायला पिटाळलं.
चहा कोणी मागितला नव्हता.

बिल एकशे ऐंशी. घासाघीस अख्तरनंच केली.
वहीत अजून आहे माझ्या अक्षरात,
ट्रॅक्टरचा शाफ्ट आणि चाफ कटरच्या मध्ये:
फिनलंड, रॉड, एक नग, दीडशे रोख.
इंदूरला काय झालं, माहीत नाही.
स्पोक टिकला का, तेही नाही.

मिस्तरींची बायको सुरतेला गेली
त्याला अकरा वर्षं झाली; आम्ही दुकानात
ते गाव बोलत नाही.
पण रात्री शटर अर्धं ओढलेलं असतं,
सुरतेची शेवटची गाडी नाक्यावरून हॉर्न देत निघते,
आणि बाकाखाली, जिथं काहीच नाही,
मिस्तरींचा उजवा पाय
हळूच जमीन दाबतो.